नोंदवहीत नसलेले तीन फोन

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण टेस्टर हमखास असायचा. वीज कंपनीच्या वितरण संचालक झाल्या, टेबलावर काच आली, दाराशी गाडी आली, तरी तो पिवळ्या मुठीचा टेस्टर काही सुटला नाही. कुणाकडे चहाला गेल्या तरी आधी नजर सॉकेटकडे. यजमानीणबाई बिस्किटं आणायला आत वळल्या की ह्या भिंतीपाशी वाकलेल्या. "तारा उलट्या जोडल्यात हो तुमच्याकडे," असं सांगून मगच कपाला हात लावायच्या. त्या घरात पुन्हा बोलावणं यायचं नाही, याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

मी त्यांच्या हाताखालचा म्हणायलाही संकोच वाटतो, इतका खालचा. तक्रार कक्षातला कारकून. फोन घ्यायचा, रजिस्टरात लिहायचं, लाइनमनला पाठवायचं, काम झालं की वेळ टाकायची. अक्षर शाळामास्तरासारखं वळणदार, म्हणून सगळी कंपनी मला मास्तर म्हणायची, आणि मॅडमही. मी निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्या दर वर्षी कंपनीची कोरी डायरी घरी पाठवायच्या. वर चिठ्ठी असायची, 'वहीवाल्या मास्तरांना.'

तेव्हा हे सगळं कौतुकानं लिहायला माझ्याकडे भरपूर मालमसाला आहे. पण कौतुकाला बसलो की पेन अडतं. कारण मॅडमनी जन्मभर जे काही केलं, ज्यासाठी त्यांना लोक मानतात, त्याच्या तळाशी माझी एक खोटी वही आहे. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि मला होतं. सांगायला माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं होती. मी काय केलं? डायऱ्या घेत राहिलो.

मॅडमचे वडील स्टो दुरुस्त करायचे. एका लांबलचक चाळवजा इमारतीत दोन खोल्या, आणि सगळ्या भाडेकरूंत मिळून एकच मीटर, तोही मालकाच्या नावावर. नऊ वाजले की मालक खाली येऊन मेन स्विच ओढायचा. मग मॅडमनी कंदील पेटवायचा आणि त्याच्या काजळीत अभ्यास करायचा. "माझ्या आयुष्यातलं पहिलं भारनियमन घरमालकानं केलं," असं त्या सांगायच्या तेव्हा लोक हसायचे. त्या हसायच्या नाहीत. इंजिनिअर होऊन कंपनीत आल्या त्या मीटर तपासणीच्या खोलीत. तिथून तिसाव्या वर्षी आमच्या विभागात उपअभियंता म्हणून आल्या, आणि पहिल्याच दिवशी डबा घेऊन थेट तक्रार कक्षात. "साहेबांच्या केबिनमध्ये जेवलं की काही कळत नाही. इथे फोन वाजतात," म्हणाल्या.

आमची खोली बघण्यासारखी नव्हती. तीन टेलिफोन, त्यांतल्या एकाची डायल अडकायची. भिंतीला विभागाचा नकाशा, खिडकीबाहेर सबस्टेशनचं आवार, आणि दिवसभर ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं. माझ्या टेबलावर मात्र धूळ नाही आणि रजिस्टरात खाडाखोड नाही. त्या रजिस्टराचा मला फार गर्व होता. मुख्य अभियंता पाहुण्यांना मुद्दाम आणून ते दाखवायचे. मी उभा राहून नम्रपणे हसायचो. आता आठवलं की कान गरम होतात.

ती वही इतकी स्वच्छ राहायची याचं कारण सांगतो, सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. सबस्टेशनमधून एकेका भागाकडे एकेक मुख्य तार जाते, तिला आम्ही फीडर म्हणतो. फीडर बंद पडला की त्या भागातले चाळीस-पन्नास फोन एकदम येतात. सगळे लिहायचे तर पान भरून जायचं, आणि महिन्याच्या अहवालात तक्रारींचा आकडा फुगला की वरून बोलणी बसायची. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. जो माणूस 'तक्रार क्रमांक द्या' म्हणेल त्याची नोंद करायची. जो नुसतंच 'लाइट कधी येणार' विचारेल त्याला उत्तर द्यायचं आणि फोन ठेवायचा. नियम मला कुणी शिकवला नव्हता, लेखी कुठे नव्हता. सोय होती, झालं.

आता नंबर कोण मागतो? टेकडीवरच्या बंगल्यांच्या वसाहतीतले मागायचे. त्यांना नंबर मागायची सवय होती. तारखेसकट लिहून घ्यायचे, आणि नंतर मोठ्या साहेबांना तो वाचून दाखवायचे. गोदामामागची वस्ती होती, तिथले कधीच मागायचे नाहीत. असा काही नंबर असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. तिथे एका दुकानात फोन होता आणि बहुतेक वेळा एकच बाई बोलायची. शिवणकाम करायची, विजेवरच्या मशीनवर. आपण तिला टेलरताई म्हणू. "दादा, लाइट कधी येणार हो?" एवढंच विचारायची. आवाजात कधी चढ नाही. मी म्हणायचो, "येईल, येईल." आणि पेन कानामागेच.

त्या उन्हाळ्यात वीज कमी पडली आणि रोज कुठलातरी फीडर काही तास बंद ठेवायची वेळ आली. तोवर कुणाचा बंद करायचा हे साहेबांना आलेल्या फोनवर ठरायचं. मॅडम भडकल्या. "ज्याचा आवाज मोठा त्याचा दिवा चालू, हे यापुढे बंद. पुरावा बघायचा." पुरावा म्हणजे काय, तर माझी वही. ज्या भागातून वर्षभरात सगळ्यांत कमी तक्रारी, तिथे त्रास सगळ्यांत कमी, म्हणून आधी तो बंद. विचार स्वच्छ होता. वहीच घाण होती.

त्या रजिस्टर उघडून बसल्या होत्या. बोट पानावर, नजर माझ्यावर.

"मास्तर, यावर मी अख्खी यादी करणार आहे. वही पक्की आहे ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हणालो.

अक्षर न् अक्षर खरंच खरं होतं. जे लिहिलंच नाही त्याला अक्षर कुठून असणार? असला वकिली विचार मी तेव्हाही केला, लगेच केला, म्हणजे मला कळलं होतं. तोंड उघडायला दोन मिनिटं पुरली असती. पण मॅडम वहीकडे इतक्या विश्वासानं बघत होत्या की मला माझंच अप्रूप वाटलं. गोदामामागच्या वस्तीच्या नावावर वर्षभरात चार तक्रारी होत्या. यादीत पहिलं नाव त्यांचं लागलं.

मग तो दिवस आला. त्यांचा फीडर दुपारी चार ते रात्री नऊ बंद होता, आणि त्या वेळापत्रकाचा कागद माझ्या टेबलावरच होता. चार वाजून दहा मिनिटांनी टेलरताईंचा फोन आला. मी म्हणालो, येईल. पाच पंचवीसला परत आला. येईल म्हटलं ना. सहा पन्नासला तिसरा.

"दादा, शाळेचे कपडे उद्या सकाळी द्यायचेत. अंधार पडायला लागला. लांबणार असेल तर तसं सांगा, मी कापड घेऊन नणंदेकडे जाते, तिच्याकडे लाइट आहे. थोडाच वेळ असेल तर बसते इथेच दिवा लावून."

नऊ वाजतील म्हटलं असतं तर ती चार शब्द जास्त बोलली असती. मला ते चार शब्द नको होते, कारण दुसरा फोन वाजत होता. मी म्हणालो, "पाच-दहा मिनिटांत येतेय, बसा." दुसऱ्या फोनवर वसाहतीतले एक बडे गृहस्थ होते. त्यांच्या बागेतला दिवा फडफडत होता. त्यांनी नंबर मागितला. मी दिला, सुवाच्य लिहिला, लाइनमन पाठवला.

ती बसली. रॉकेलचा दिवा मशीनच्या फळीवर ठेवून बसली. ढिगातलं कापड सरकलं, दिवा कलंडला. शाळेचे कपडे वाचवायला तिनं दोन्ही हात आत घातले.

जीव वाचला. बोटं वाचली नाहीत, म्हणजे आहेत, पण तळव्याकडे वळून एकमेकांना चिकटली ती कायमची. सुई धरायचा प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम हॉस्पिटलातून सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. कालचं पान उघडलं. वस्तीच्या नावापुढे काही नाही. दुपार बघितली, संध्याकाळ बघितली, परत दुपार बघितली.

"एकही फोन नाही, मास्तर. पाच तास अंधारात बसले आणि यांनी एक फोनसुद्धा केला नाही."

आणि त्या रडल्या. खुर्चीत बसून, लाइनमन ये-जा करत असताना, तोंड न झाकता रडल्या. "आपण यांना इतकं गप्प करून ठेवलंय की त्यांना बोलून उपयोग नाही हे पाठ झालंय. आणि मी त्या गप्प बसण्याचा आकडा केला. कमी त्रास म्हणून लिहिलं मी त्याला, मी!"

मी मान हलवली. नुसती मान. त्या क्षणी बोललो असतो तर नोकरी गेली असती का? बहुधा नाही. बोलणी खाल्ली असती, बदली झाली असती. पण मॅडमनी माझ्याकडे पुन्हा त्या नजरेनं बघितलं नसतं, आणि ते मला नको होतं. चौकशीतही ती वही पुढे झाली. ग्राहकाकडून तक्रार नाही, असा शेरा पडला आणि प्रकरण मिटलं. त्या शेऱ्याखालीही मीच सही केली.

टेलरताईंना मॅडमनी कधी विचारलं नाही का, असं तुम्ही म्हणाल. नाही विचारलं. भाजलेल्या बाईला 'फोन का केला नाहीस' विचारायचं म्हणजे उलट तिलाच दोष द्यायचा, असं त्यांना वाटलं. आणि ताई आपणहून का बोलतील? त्यांनी फोन केला होता, कंपनीनं घेतला होता. कंपनीला माहीत असलेली गोष्ट कंपनीला काय सांगायची?

त्यानंतरच्या मॅडम म्हणजे वेगळ्याच बाई. आपल्याच हातची यादी त्यांनी सगळ्यांसमोर फाडली आणि सगळ्या फीडरना पाळीपाळीनं अंधार वाटून दिला. वसाहतीवरही पाळी आली. महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, ती अशा उपविभागात की तिथे ऑफिसला दार होतं पण कडी नव्हती. गेल्या. पाच वर्षांनी परत आल्या आणि जिथून सोडलं होतं तिथूनच सुरुवात केली. भाडेकरूच्या नावावर मीटर द्यायचा, मालक काय म्हणतो ते नंतर बघू, हा नियम त्यांचा. रॉकेलचे दिवे किती घरांत जळतात याची मोजणी त्यांनी स्वतः केली, दारोदार, चपला झिजवून. सूर्यावरची वीज आली तेव्हा कंपनीतले बाकीचे साहेब बंगल्यांची छपरं मोजायला निघाले, कारण छपरं तिथेच मजबूत होती. मॅडम गोदामाच्या छपरावर चढल्या. पत्र्याच्या खोल्या पॅनेलचं ओझं पेलणार नाहीत, पण गोदाम पेलेल. पॅनेल तिथे, बॅटऱ्या खालच्या रिकाम्या दालनात, आणि वस्तीतल्या प्रत्येक खोलीला सारखा वाटा. मालक असो की भाडेकरू, मीटर असो की नसो. "छप्पर नाही म्हणून सूर्यही नाही? सूर्य काय सोसायटीचा सभासद आहे का?" असं त्या बोर्डाच्या बैठकीत म्हणाल्या. बोर्ड हसलं आणि फाईल बाजूला ठेवली. त्यांनी ती सात वेळा परत पुढे आणली.

माझं काय? आगीनंतर मी प्रत्येक फोन लिहायला लागलो. नंबर मागो न मागो. पानं काळी झाली, मुख्य अभियंत्यांनी पाहुणे आणणं बंद केलं. वस्तीच्या नावावर वर्षाला चार होत्या त्या तीनशेच्या वर गेल्या. मॅडमना तो आकडा मिळाला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा मास्तर! आपण गेलो, बोललो, तर लोक बोलायला लागले. विश्वास बसला त्यांचा." त्यांनी त्याचा आलेख काढला. आडवी रेघ, मग आग, मग चढत जाणारी रेघ. हा आलेख घेऊन त्या कुठेकुठे बोलल्या. तरुण इंजिनिअरांना शिकवताना शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जिथून फोन येत नाही, तिथे आधी जा." टाळ्या पडायच्या. मी मागच्या रांगेत असायचो. ती रेघ विश्वासाची नव्हती हो. माझं पेन कानामागून हातात आलं, एवढीच ती रेघ होती.

बायकोला एकदा सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मला काय सांगताय? मी काय तुमच्या कंपनीची अध्यक्ष आहे? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." त्यावर मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली, न बोलण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

मॅडमबरोबर वस्तीत जायची वेळ तीन-चारदा आली. दर वेळी माझा घसा बसलेला असायचा. टेलरताई समोर आल्या की मी नमस्कार करायचो आणि घशाकडे बोट दाखवायचो. आवाज ओळखतील ही भीती. चहा पुढे यायचा, दोन्ही मनगटांच्या मध्ये धरलेला कप. मी तो घ्यायचो आणि तो घशाखाली उतरायचा नाही, तेव्हा खरंच घसा बसल्यासारखं व्हायचं.

या वर्षी मॅडमच्या निवृत्तीला एक महिना उरला असताना गोदामाची योजना अखेर सुनावणीला आली. पॅनेलची पहिली खेप एकाच भागाला मिळणार होती. वसाहतीनंही अर्ज केला होता. मॅडमचा मला फोन आला. "मास्तर, केस तुमच्याच वहीवर उभी आहे. पुढच्या रांगेत बसा." हे आत्ता झालं तर झालं, त्यांच्यानंतर ही फाईल कुणी हातात धरणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

सकाळी बायकोनं शर्टाला इस्त्री केली. बटणं लावताना विचारलं, "आज बोलणार आहात, की परत घसा बसणार आहे?"

"बघू," मी म्हणालो.

"अठ्ठावीस वर्षं बघताच आहात."

सुनावणीची खोली साधीच. लांब टेबल, पाण्याचे जग, अधूनमधून शिट्टी मारणारा माइक. मॅडमनी आलेख फळ्यावर लावला आणि आपलं म्हणणं मांडलं. मग वसाहतीचे वकील उठले. आवाज मऊ, तयारी चोख. ते आलेखापाशी गेले आणि मॅडमच्याच रेघेवर बोट ठेवलं.

"मॅडमविषयी मला आदर आहे. पण ही रेघ काय सांगते? ज्या काळात या वस्तीची वीज सगळ्यांत जास्त वेळ बंद असायची, तेव्हा वर्षाला तक्रारी फक्त चार. नंतर सोयी वाढल्या, तशा तक्रारी वाढल्या. म्हणजे गरज होती तेव्हा यांना त्रास नव्हता. दिल्यावर मागायची सवय लागली. अपघाताच्या दिवशीसुद्धा एक फोन नाही. मॅडम म्हणतात, ही शांतता म्हणजे दुःख. असेल. पण ती त्यांची कल्पना झाली. रजिस्टर हा पुरावा आहे, आणि रजिस्टर म्हणतं की तिथून कुणी काहीच म्हणालं नाही."

सुनावणी अधिकाऱ्यांनी मॅडमकडे पाहिलं. "यावर आपल्याकडे काही कागद आहे का?"

मॅडमकडे कागद नव्हता. त्यांच्याकडे ते एक वाक्य होतं आणि ते वकिलांनी उलटं करून त्यांच्याच हातात दिलं होतं. पर्सच्या पट्ट्याशी त्यांची बोटं चाळा करत होती. टेलरताई माझ्या मागच्याच रांगेत होत्या. त्यांनी शेजारणीला हळू विचारलेलं मला ऐकू आलं, "फोन नाही असं का म्हणतायत?"

मी उभा राहिलो.

"फोन येत होते," मी म्हणालो. "मी लिहिले नाहीत."

मग सगळं सांगितलं. नियम माझा, सोय माझी, नंबर मागणारे आणि न मागणारे. ती रेघ वर चढली ती माझ्या भीतीनं चढली. अपघाताच्या दिवशी तीन फोन आले, तिन्ही मी घेतले. मॅडमनी विचारलं होतं वही पक्की आहे का, आणि मी हो म्हणालो होतो. वकील काहीतरी बोलायला गेले, पण अधिकाऱ्यांनी हात वर केला. मला म्हणाले, "हे सगळं आत्ता, वेळेसकट, सही करून लिहून द्या. निर्णयाला हा कागद लागेल."

मॅडम उठल्या. फळ्यावरचा आलेख काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये टेस्टरशेजारी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेरच्या बाकावर मी लिहायला बसलो. त्या येऊन शेजारी उभ्या राहिल्या. ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, चूक माझी होती. तुम्ही उगाच इतकी वर्षं..."

"वही तुमची होती. यादी माझी," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारलं, मास्तर. त्यांना विचारायला मला वीस मिनिटं चालायचं होतं, ते मी चालले नाही. आणि मग अठ्ठावीस वर्षं गावभर सांगत फिरले, की ही माणसं बोलत नाहीत. टाळ्या घेतल्या त्यावर."

त्यांनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला पर्स ठेवली आणि बसल्या. आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती.

तेवढ्यात टेलरताई आल्या आणि नेमक्या त्या जागेत बसल्या. माझ्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "तुमचा आवाज मी पहिल्याच खेपेला ओळखला होता. बसलेला होता, तरी खोकलात तेव्हा कळलं. म्हटलं, यांना बोलायचं नसेल."

मी लिहीत राहिलो. चार दहा. पाच पंचवीस. सहा पन्नास. वेळा आठवायला लागल्या नाहीत. अक्षर अजून वळणदारच येत होतं, त्याची लाज वाटली. खाली सही केली. ताईंनी दोन मनगटांच्या मध्ये कागद धरला, सावकाश वाचला, आणि जे त्यांनी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"दादा, माझ्या तक्रारीचा नंबर काय?"

खोटं बोलता आलं असतं. कुठलाही आकडा चालला असता.

"अठराशे बेचाळीस आला असता," मी म्हणालो. "तो मी वसाहतीतल्या एका बागेच्या दिव्याला दिला."

मॅडमनी डोळे मिटले. ताईंच्या आवाजात तेव्हाही चढ नव्हता.

"मग, लागला का त्यांचा दिवा?"

"लागला," मी म्हणालो. "पंचवीस मिनिटांत."